स्वादुपिंडाचा उपास

माझी नऊ वर्षांची लेक नागावात सायकलवरून पडली आणि हँडलचं टोक तिच्या पोटात बसलं. वरून दिसायला फक्त नाण्याएवढा लाल गोल. मी हळद लावली. दुसऱ्या दिवशी ती हिरवं ओकू लागली, तेव्हा कुठे आम्ही अलिबाग गाठलं.

रक्त तपासलं, स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाला मार बसलाय, पण मुख्य नळी शाबूत दिसतेय. लगेच कापाकापी नको. त्याला विश्रांती देऊ. तोंडावाटे काही नाही, पाणीसुद्धा नाही. असंच निभावलं तर ऑपरेशन टळेल."

हाताला सलाइन, नाकात नळी आणि त्या नळीतून पिशवीत उतरणारा हिरवट रस. तेवढ्यात आमची माणसं भेटायला येऊ लागली. याला माणुसकी म्हणतात, मला शिसारी आली. एका मावशींनी फ्रॉक वर करून नेमकं दुखऱ्या जागी बोटाने दाबलं, "इथे दुखतं का गं?" चुलत दिरांनी उपाशी पोरीच्या उशाशी बसून वडापाव हाणला आणि चटणीचे हात तिच्या चादरीला पुसले. पिशवीकडे बघून सगळे नाकाला रुमाल लावत, आणि पुन्हा वाकवाकून बघत.

सासूबाई रोज वाडीतल्या शहाळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायच्या. आमच्या घरात शहाळं खाण्यात धरतच नाहीत. चतुर्थीला त्या स्वतः दिवसभर तेवढ्यावर असतात.

"अगो, शहाळ्यानं कधी कुणाचं वाईट झालंय? पोर सुकून गेली."

"आई, नातीचा जीव घ्यायचाय का तुम्हाला?" मी बाटली हिसकावून खणात कोंबली. सगळा वॉर्ड ऐकत होता आणि तो ऐकतोय याचं मला बरंच वाटलं.

चौथ्या दिवशी दुखणं उतरलं, नाकातली नळी काढली. "अजून दोन दिवस कळ काढा," डॉक्टर म्हणाले. दुपारी आम्ही दोघीच होतो. तिच्या ओठांवर पांढरे पापुद्रे धरले होते. "आई, नुसते ओठ ओले कर ना." मी खणातली त्या सकाळची बाटली काढली. कापूस भिजवून ओठांवरून फिरवला. मग एक चमचा दिला. मग दुसरा. मग तिने बाटलीच तोंडाला लावली आणि मी ती काढून घेतली नाही.

संध्याकाळी ती पोट धरून कळवळू लागली. दोन दिवसांनी ताप चढला. पुन्हा स्कॅन केला, तर स्वादुपिंडाभोवती पाणी साचलेलं. मुंबईला न्यावं लागणार होतं, ऑपरेशन बहुधा टळणार नव्हतं. सिस्टरांनी खणात सापडलेली रिकामी बाटली डॉक्टरांसमोर धरली.

"यानेच झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "कदाचित तसंही झालं असतं. पण हे दिलं कोणी?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजीने."

सासूबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "हो," त्या म्हणाल्या, "मीच दिलं."

डॉक्टरांनी त्यांना झापलं. नवऱ्याने तर आईचा मानही ठेवला नाही. मी चादरीची घडी घालत राहिले. इतके दिवस दुसऱ्यांची किळस करून दमले होते, ती सगळी आता माझ्याच तोंडात आली.

बाहेर बाकावर मी त्यांना विचारलं, "का म्हणालात असं?"

"पोर आईला सांभाळत होती. तिला मी खोटी पाडू होय?"

लेक आता बरी आहे. ऑपरेशनचा व्रण पोटावर आडवा आहे. आमच्याकडे कुणी त्याबद्दल विचारलं, की घरातलं कुणीतरी सांगतं, आजीने शहाळं पाजलं होतं ना, त्याचा तो. सासूबाई समोर बसून सुपारी कातरत असतात. आणि मी आलेल्यांना चहा देते.