कंटेनरमधली पुढची रांग

परदेशी साग आणणाऱ्या एका आयातदाराने मला फसवले. तो माझ्याच मोरिवलीचा, शाळेत माझ्याच बाकावर बसणारा. म्हणून जास्त लागते.

खरवईच्या एका नव्या इमारतीच्या सगळ्या चौकटींचे काम मी घेतले होते. "कीड लागली तर मला बोलवा," असे बिल्डरला छाती ठोकून सांगितले होते. हमाली करत, मग रंधा मारत मी अंबरनाथला कारखाना उभा केला. माझी जबान हीच माझी गॅरंटी.

आयातीच्या लाकडाचा आमच्याकडे एक रिवाज आहे. कंटेनरचे दार उघडायचे, पुढच्या रांगेतल्या ओंडक्यांची टोके तासून बघायची आणि अख्ख्या कंटेनरचा सौदा करायचा. टोके तडकू नयेत म्हणून त्यांना मेण फासलेले असते, तासल्याशिवाय आतले कळत नाही. मी तासले. आत मधासारखा पिवळा साग. दुपारभर घासाघीस करून भाव पाडला. शेवटी तो म्हणाला, "घे बाबा, माझी चामडीपण घेऊन जा. पण माल आहे तसा. परत नाही." मी खुशीत सही केली.

उल्हासनगरच्या वखारीत ओंडके चिरायचा आरा चालवणारे सिंधी काका म्हणाले, "साईं, पहले पीछेवाले दो काटके देखें?"

"मला लाकूड शिकवू नका. सगळं चिरा."

चौकटींची घाई होती, आणि माझे तोंड हे असे. मी मापे घ्यायला खरवईला गेलो. संध्याकाळी परतलो तर पांढऱ्या फळ्यांचा ढीग. कोवळी झाडे, जेमतेम गाभा, बाकी सगळे कच्चे लाकूड. कीड पहिली यालाच लागते.

मी आयातदाराला फोन केला.

"आरा फिरला ना भाऊ? मग माल तुझा. मीपण बंद कंटेनरच घेतो. तिकडच्याला विचार."

"तिकडच्या म्हणजे कुणाला?"

"समुद्रापलीकडे. जा पोहत."

आता कारखान्यात फळ्यांमुळे चालायला जागा नाही. सुतार अंग चोरून वावरतात. हे लाकूड बसवले तर जबान जाते, नाही बसवले तर काम जाते. बिल्डरला मी रोज दोन दिवस मागतो. सौद्याच्या कागदाखाली सही माझीच.

पण ओंडक्यांची कापलेली टोके मी जपून ठेवली आहेत. माल भरताना टोकांवर रंगाने आकडे टाकतात, एका मालाला एकच रंग. पुढच्या रांगेवर तांबडे आकडे, मागच्या सगळ्यांवर निळे. बंद कंटेनरमध्ये रंग बदलत नाही. ती रांग दुसऱ्या मालातून आणून कुणी लावली? समुद्राकडे बोट दाखवू नकोस. मोरिवलीत, चार माणसांसमोर, ही टोके हातात घेऊन सांग.