पलंगाच्या मधोमध फळी

पायावाल्या वहिनींनी पलंगाच्या मधोमध फळी ठोकली, नवऱ्याला भिंतीकडची बाजू तोडून दिली आणि आता त्या वकील शोधताहेत, ही बातमी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मशीनवरून निघाली आणि हातातला चहा निवायच्या आत गच्चीवर पोचली. पुरावा भक्कम होता. सुतार दोन फळ्या खांद्यावर टाकून जिना चढत होता. शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या न काढता विचारलं, कुणाकडे? तो म्हणाला, घड्याळजींकडे, पलंगाला, वहिनींच्या बाजूला टाकायच्यात. आता पलंगाला बाजू फुटल्यावर संसाराचं काय झालं असेल, हे ओळखायला टाचणीच्या टोकाएवढी अक्कल पुरते.

फळ्या मधोमध नव्हत्या, खाली होत्या, वहिनींच्या गादीखाली. भांडण होतं हे खरं, पण ते नवराबायकोचं नव्हतं, दोन गाद्यांचं होतं. आणि त्या गाद्यांपायी एका अख्ख्या वाचनालयाचं काँक्रीट अडून बसलं, हे शिंपीणबाईंना तेव्हा कळतं, तर त्यांनी दिवसभर मशीनला हात लावला नसता.

वहिनींना पायावाल्या म्हणतात, कारण त्या इमारतींचे पाये करतात. घमेलं-फावड्यानं नव्हे, कॉम्प्युटरवर. एका इंजिनिअरच्या ऑफिसात खिडकीपासून सगळ्यात लांबच्या टेबलाशी बसून त्यांची उमेदीची वर्षं गेली. इतर लोक कुणाचं नवं घर बघायला गेले की फरशी बघतात, नळ सोडून बघतात. वहिनी विचारतात, खाली काय आहे? खाली पार्किंग आहे म्हटलं की विचारतात, आणि त्याच्या खाली? घरमालकाचा चेहरा पडतो. तरी त्यांना सगळे बोलावतात, कारण जाताना त्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ काढून पिशवीत घालतात आणि आठवड्यानं चालू करून आणून देतात.

चालू करतात ते त्यांचे यजमान, घड्याळजी. चौकाच्या कोपऱ्यावर कपाटाएवढं दुकान, डोळ्याला भिंग आणि दिवसभर पाठीची कमान. एवढ्या वर्षांनी कमरेनं हिशोब मागितला. डॉक्टर म्हणाले, कडक आणि जाड गादी घ्या. गादी आली, चांगली वीतभर जाड. वहिनींनी तिच्यावर पाठ टेकली आणि लगेच उठल्या. म्हणाल्या, ऑफिसातल्या टेबलावर झोपायचं असतं तर पगार तरी जास्त मागितला असता. त्यांनी आपली चार बोटं जाडीची जुनी गादी सोडली नाही. मग एकाच पलंगावर दोन गाद्या शेजारी शेजारी आल्या आणि मधे पायरी झाली. घड्याळजी झोपेत कूस बदलायचे आणि धबकन बायकोच्या अंगावर यायचे. डॉक्टरांनी सरळ केलेली कंबर त्या पायरीवर पुन्हा वाकडी. ते सकाळी कण्हत म्हणायचे, तुझ्या बाजूला दरी आहे गं. वहिनी म्हणायच्या, तुमच्या बाजूला डोंगर आहे, तो नाही दिसत.

त्याच सुमारास ऑफिसात वहिनींच्या हातात वाचनालयाचं काम होतं, आणि ते साधं काम नव्हतं. आजवर त्यांनी केलेल्या प्रत्येक नकाशावर खाली साहेबांची सही असायची. या खेपेला साहेब स्वतःहून म्हणाले होते, पाया पूर्ण तुमचा आहे, सही तुम्हीच करा. घरी येऊन वहिनींनी हे नवऱ्याला अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही करून बघितली. मग दुसऱ्या कडेवर. घड्याळजींना शब्दकोडं सोडवायला जागा उरली नाही.

आता वाचनालयाचं असं असतं की अर्ध्या इमारतीत पुस्तकांची कपाटं आणि अर्ध्या इमारतीत वाचणारी माणसं. ज्यानं कधी घर बदललंय त्याला ठाऊक आहे, पुस्तकांइतकं जड जगात दुसरं काही नाही. म्हणून सगळ्या इमारतीखाली काँक्रीटचा एकच स्लॅब, पण कपाटांच्या बाजूला जाड आणि वाचकांच्या बाजूला पातळ. वहिनींचे आजवरचे स्लॅब पुठ्ठ्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीचे. दोन जाड्यांचा हा पहिलाच.

कॉम्प्युटरला स्लॅब दिसतो तो नुसता कागद म्हणून. कागदावर चौकटी आखलेल्या, आणि प्रत्येक चौकटीला सांगावं लागतं की तू एवढी जाड, तू तेवढी. वहिनींनी सांगितलं. इमारतीचं वजन ठेवलं, पुस्तकांचं ठेवलं, खालची माती किती दबेल तेही भरलं. कॉम्प्युटरनं लाल, पिवळे, निळे रंग दाखवून कुठे किती सळया लागतील ते सांगितलं. साहेबांनी तपासून मान डोलावली. खड्डा खणून झाला, सळया बांधून झाल्या, मंगळवारी काँक्रीट ओतायचं ठरलं. सही सोमवारी करायची होती.

आणि रविवारी सकाळी सुतार फळ्या घेऊन आला. त्यानं दोन्ही गाद्यांकडे बघितलं आणि विचारलं, किती उंच करू? वहिनी काही बोलायच्या आत घड्याळजी म्हणाले, "वरून एकसारखं कर बाबा. कमीजास्त काय असेल ते खाली जाऊ दे."

वहिनी चादरीचं टोक हातात धरून उभ्याच राहिल्या. सुतारानं दोनदा विचारलं, वहिनी, बाजूला होता का? त्या झाल्या नाहीत.

वाचनालयाची जमीनही वरून एकसारखी असणार होती. जाड भागाची जास्तीची जाडी खाली, मातीत जायची होती, आणि खड्डाही तसाच खणला होता. पण कॉम्प्युटर आपला कागद जाडीच्या बरोबर मधे धरतो, अर्धी जाडी वर आणि अर्धी खाली. जाडी खाली न्यायची असेल तर कागद किती खाली सरकवायचा, ते एका रकान्यात भरावं लागतं. एका जाडीच्या स्लॅबला त्याची गरजच नाही, म्हणून वहिनींनी वर्षानुवर्षं तिथे शून्य ठेवलं होतं. हाताला वळण पडलं होतं. याही वेळी शून्यच. म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कपाटांची खोली वाचकांच्या खोलीत पायरीसारखी वर आली होती. वहिनींनी सार्वजनिक वाचनालय आपल्या पलंगासारखं घातलं होतं.

सुतार गेल्यावर त्यांनी घड्याळजींना सगळं सांगितलं. जाड आणि पातळ जिथे भेटतात तिथे खरा स्लॅब खाली वळतो, त्या वळणावर ताण येतो, आणि त्या ताणाच्या सळया कदाचित बांधल्याच गेलेल्या नाहीत. इमारत पडणार नाही, पण त्या ओळीत स्लॅब चिरेल आणि चिरेतून पाणी सळयांपर्यंत जाईल. सांगावं तर मंगळवारचं काँक्रीट थांबणार, आणि ज्या बाईला एक रकाना भरता येत नाही तिला सही कोण करू देणार? घड्याळजी नव्या सपाट पलंगावर पालथे पडून ऐकत होते. म्हणाले, घड्याळाचं झाकण लावलं की आत मी काय केलंय ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. पण तेच घड्याळ पुढे रस्त्यात कुणाच्या मनगटावर दिसलं ना, की मी नजर चुकवतो किंवा चुकवत नाही. एवढं बोलून ते झोपले. पायरी गेल्याचा पहिला फायदा त्यांनी लगेच घेतला.

सोमवारी शिपायानं कुलूप काढायच्या आधी वहिनी ऑफिसच्या दारात हजर. त्यांनी जाड भागाचा कागद खाली सरकवला आणि सगळं गणित पुन्हा चालवलं. इतर सगळीकडे आकडे जवळपास तेच आले. जाड-पातळ भेटतात त्या एका ओळीत मात्र लाल पट्टा उमटला. सळया थोड्याथोडक्या नाही, चांगल्याच कमी होत्या.

साहेबांनी पट्टा पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिला. मीही बघितलं होतं की हे, म्हणाले. मग दार लोटून घेतलं. कंत्राटदार आपल्याला कच्चा खाईल, उद्याच्या गाड्या सांगून झाल्यात, शिवाय मातीखालची चीर बघायला कोण जातंय, असं बरंच काही बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे साहेब," वहिनी म्हणाल्या. "आत काय आहे ते मला माहितीय."

साहेबांनी फोन उचलला. कंत्राटदार काय बोलला ते शेजारच्या टेबलांनाही ऐकू गेलं, पण लिहिण्यासारखं नाही. काँक्रीट पुढच्या आठवड्यावर गेलं आणि त्या ओळीत नव्या सळया बांधायचं ठरलं. वहिनी सुधारलेला नकाशा घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि सवयीनं पेन त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी ते परत ढकललं. उशीर तुम्ही केलात, म्हणाले, तेव्हा नावही तुमचंच राहू दे. लोक भांडायला आले तर माझ्या टेबलाशी नकोत. आता ही शिक्षा होती की बक्षीस, हे साहेबांनाही नीट माहीत नसावं. वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी सही केली, आणि एवढा सराव करूनही ती जराशी तिरकीच आली.

इकडे जिन्यात मात्र वकील अजून येईना, म्हणून शिंपीणबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्या चालू असलेलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन वर गेल्या. दारातूनच आतल्या पलंगावर नजर टाकली. एक चादर, या कडेपासून त्या कडेपर्यंत सपाट, आणि मधे फळी नाही. निराशा लपवता येईना तेव्हा त्यांनी सरळ विचारलं. वहिनींनी हसत चादरीचं टोक उचलून खालचं सगळं दाखवलं, नवऱ्याची वीतभर गादी, आपली चार बोटांची आणि तिच्याखालच्या फळ्या.

"म्हणजे तुमचं भांडण नाहीच?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"आहे की," वहिनी चादर सारखी करत म्हणाल्या. "पण वरून एकसारखं दिसलं पाहिजे. जाडी ज्याची त्यानं खाली सांभाळायची."