बाहुल्याला दिलेला आवाज

हे आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. खरं तर माझ्या पोटात काही राहत नाही अशीच माझी ख्याती. घरात काय संपलं, शाळेत काय मोडलं, कोणाचं काय चुकलं, सगळं मी तोंडावर सांगते. सकाळी कामांची यादी करते आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओळीवर काट मारते. पण हे काम कधी यादीत घेतलं नाही. घेतलं असतं तर करावं लागलं असतं ना?

आधी सोपा भाग सांगून घेते.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं, तेव्हाची गोष्ट. मी मूळची खानदेशातली. भाऊ बांधकामावर सुपरवायझर होता, म्हणून त्याच्या बिऱ्हाडी बोईसरला आले. कामगारांच्या मुलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये एक शाळा निघाली होती. जवळच्या चिंचणी गावची थोडी मुलंही तिथं यायची. बाई हवी होती. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, इंग्रजी येतं का? कारण परदेशी इंजिनिअरांच्या बायका शाळेला मदत करायच्या आणि त्यांच्याशी बोलणारं कोणीतरी हवं होतं. मी म्हणाले, ‘हो, उत्तम येतं.’

येत होतं का? वाचता येत होतं. व्याकरण पाठ होतं. पण त्या मॅडम बोलायला लागल्या की मला फक्त आवाज ऐकू यायचा. शब्द सुटे व्हायचेच नाहीत. मी मान डोलवायची, ‘येस, येस’ म्हणायची, आणि त्या काय सांगून गेल्या ते त्यांच्या हातवाऱ्यांवरून जुळवत बसायची. रोज वाटायचं, आज पकडली जाणार. पकडली गेले तर नोकरी जाणार, आणि मग वहिनीच्या स्वयंपाकघरात ‘घरी बसलेली नणंद’ म्हणून पोळ्या लाटायच्या. वहिनी वाईट नव्हती. पण मला त्याची भीती वाटायची.

एक दिवस त्यांच्यातल्या एका मॅडमनी फिल्मचं रीळ आणलं. त्यांच्या देशात मुलं घरी बसून टेलिव्हिजन बघतात, आणि त्यावर लहान मुलांना शिकवणारा बाहुल्यांचा एक कार्यक्रम नव्यानंच सुरू झाला आहे. त्याचा हा अगदी सुरुवातीचा भाग. एवढं मला कळलं, तेही भावानं आधी सांगितलं होतं म्हणून. आमच्यापैकी टेलिव्हिजन कोणीच पाहिला नव्हता. मुलांना तर वाटत होतं, मॅडम डब्यात घालून जिवंत बाहुल्या आणणार आहेत.

आता प्रश्न असा, की बाहुल्या बोलणार इंग्रजी आणि मुलांना कळणार काय? मशीन चालवायला बांधकामावरचा सावंत आला होता. मोठा थट्टेखोर माणूस. त्यानंच तोड काढली. म्हणाला, ‘सोपं आहे, बाई. मी त्यांचं तोंड बंद करतो, तुम्ही तुमचं उघडा.’ म्हणजे तो आवाजाचं बटण पार खाली करणार, आणि मी पडद्याच्या बाजूला उभी राहून बाहुल्यांचं बोलणं मराठीत सांगणार. शाळेच्या समितीवरच्या साहेबांना कल्पना फार आवडली. त्यांनी वर सुचवलं, ‘या पोरांच्या भाषेचंही काही करा हो त्यातून. काय ते हाय-नाय, आमी-तुमी!’

मॅडमनी मला बाजूला घेऊन सगळी गोष्ट सांगितली. चांगली तपशिलात. मी येस, येस म्हणाले. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

इथपर्यंत सांगायला फारसं जड जात नाही. इंग्रजी येत नव्हतं आणि येतं म्हणाले — असे कितीतरी लोक असतील. खरं सांगायचं ते हे नाही. खरं सांगायचं तर हिरूबद्दल सांगावं लागेल.

हिरू चिंचणीची. तिची आई पार्वती मासळीची पाटी घेऊन बांधकामाच्या वसाहतीत यायची. जाताना पोरीला शाळेत सोडायची, परतताना घेऊन जायची. सहाएक वर्षांची असेल. त्या शेडमध्ये तिच्याइतकं बोलणारं दुसरं पोर नव्हतं. मी फळ्यावर काही काढायचा अवकाश, ही उठून उभी. ‘बाई, मला ठाव हाय! तुमी बसा, मी सांगते!’ आणि खरंच पुढे यायची. मुलं हसायची, तीही हसायची. आणि मला — कसं सांगू — मला तिचा राग यायचा. मी तासाची आखणी करून आलेली असायची आणि ही मध्येच माझा तास घेऊन जायची. सहा वर्षांच्या मुलीचा राग? हो. यायचा.

खिडक्यांना गोणपाटं लावली. चादरीचा पडदा बांधला. मुलं पुढे सतरंजीवर, मागे खुर्च्यांवर साहेब, मॅडम आणि वसाहतीतल्या दोन-चार बायका. मशीन घरघरायला लागलं आणि पडद्यावर एक लोकरीच्या केसांचं, लांब कानांचं बाहुलं आलं. तोंड उघडलं. सावंतानं आवाज खाली केला.

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाहुलं बोलत होतं, तोंडाची उघडझाप चालली होती, आणि माझ्याकडे द्यायला एकही वाक्य नव्हतं. मग तोंडून जे आलं ते आलं. ‘बाई, मला ठाव हाय! तुमी बसा, मी सांगते!’

हिरूचं वाक्य. आणि नुसतं वाक्य नव्हे — आवाजही तिचाच. तोच चिरका, शेवटी वर जाणारा सूर. मला नकला चांगल्या यायच्या, मैत्रिणींमध्ये करायची मी. मुलं खो-खो हसली. सगळी मागे वळून हिरूकडे बघायला लागली. आणि तुम्हाला सांगते, हिरू आधी खूश झाली. तिचा चेहरा असा उजळला! परदेशातलं बाहुलं तिच्यासारखं बोलत होतं. ती गुडघ्यांवर उभी राहिली. शेजारच्या मुलाला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘बग, बग, माज्यासारखं बोलतंय!’

मी तिथं थांबू शकले असते. पण पडद्यावर दुसरी बाहुली आली, मग एक बाई आली, दोघी त्या बाहुल्याला काही म्हणाल्या, आणि बाहुल्यानं मान खाली घातली. मला ती मान दिसली आणि साहेबांचं बोलणं आठवलं. मी सांगत सुटले. हे बाहुलं हाय-नाय बोलतं. मध्ये-मध्ये बोलतं. म्हणून त्याला कोणी खेळायला घेत नाही. बघा, सगळे त्याला हसताहेत. आता ते घरी चाललं. नीट बोलायला येईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही, असं त्याला बाईंनी सांगितलं आहे.

पुढे ते बाहुलं एका मोठ्या अक्षराची पाटी घेऊन परत आलं आणि सगळे नाचले. मी त्याला शुद्ध मराठी दिली. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, वा!

मी हिरूकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही असं म्हणते — पण पाहिलं. ती खाली बसली होती आणि पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा दोरा ओढत होती.

बाहेर पडताना वसाहतीतली एक इंजिनिअरीणबाई, चांगलं इंग्रजी जाणणारी, शेजारी बसलेल्या मॅडमकडून गोष्ट कळलेली, माझा हात धरून हसत म्हणाली, ‘अहो, त्याची टोपी हरवली होती फक्त! तुम्ही काय रंगवलंत!’ ती कोणाला सांगेल? मॅडमना? साहेबांना? पुढचे कितीतरी दिवस मी याच काळजीत होते. हिरू बोलत नाही हे मला दिसत होतं, पण त्याची काळजी दुसऱ्या नंबरावर होती. हे लिहितानाही हात अडतो. दुसऱ्या नंबरावर होती.

ती वर्गात यायची, बसायची. विचारलं तर मान हलवायची. मुलं तिला ‘ए बाहुल्या’ म्हणून हाक मारायची. मी त्यांना गप्प बसवायची, पण जरा बेतानंच. मनात म्हणायची, होईल ठीक, मुलंच ती. आणि दुसरं मन म्हणायचं, तास कसा शांत चाललाय.

मग एका दुपारी पार्वती पाटी बाहेर ठेवून आत आली. हिरूला दंडाला धरलेलं. पार्वती एरवी वसाहतीत भांडणाला न भिणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

‘बाई, पोरगी बोलत नाय. शाळेतली पोरं सांगतात, त्या सिनेमातलं बाहुलं हिच्या आवाजात बोलत होतं. आमच्या आळीत बायका म्हणतात, त्यानंच हिचा आवाज नेला. म्या म्हटलं, असं कुठं असतं? तर काल कशीबशी बोलली. म्हणते, बाहुलं नव्हतं, बाईच बोलत होत्या माज्या आवाजात.’ मग म्हणाली, ‘तुमी शिकलेल्या. खरं सांगा बाई. कोण बोलत होतं?’

बघा, किती सोपा प्रश्न होता. उत्तर हिरूनं आधीच दिलेलं होतं. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. हो, मीच बोलले. ते बाहुलं असलं काही म्हणालंच नव्हतं, त्याची टोपी हरवली होती. हिरू, तुझ्या बोलण्यात काही वाईट नाही, मला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी तुझं बोलणं उसनं घेतलं. एवढं म्हटलं असतं तर ती पोर त्याच जागी बोलायला लागली असती. आजही मला याची खात्री आहे.

पण शेडच्या दुसऱ्या टोकाला साहेब उभे होते, मॅडमशी बोलत.

मी म्हणाले, ‘छे हो. मी कशाला तिच्या आवाजात बोलेन? ते बाहुलंच तसं बोलत होतं. मी फक्त मराठीत सांगितलं. अंधाराला घाबरली असेल.’

पार्वती हिरूकडे वळली. ‘खोटारडे!’ म्हणाली, आणि पाठीत धपाटा घातला. ‘बाईंवर आळ घेतेस?’ मला म्हणाली, ‘माफ करा हं बाई.’

माफी तिनं मागितली. हिरू रडली नाही. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं गणित पुन्हा करून बघावं तसं. आपलंच चुकलं की काय, असं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी निरोप पाठवला का? नाही. चिंचणी काही लांब नव्हती. मीच गेले नाही.

पुढे तेच रीळ नव्या मुलांना दाखवलं, तेव्हा मी टोपीची गोष्ट सांगितली. जुन्या मुलांतला एक उठून म्हणाला, ‘बाई, मागं तर टोपी नव्हती! त्याला बोलता येत नव्हतं!’ मी म्हणाले, ‘तू नीट ऐकलं नसशील.’ तोही खाली बसला. हे इतकं सोपं असतं. बाईंनी म्हटलं की मुलं स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडतात.

माझी नोकरी टिकली. इंग्रजीही हळूहळू आलं, कानाला सवय झाली. लग्न झालं, बोईसरच्या शाळेत लागले, पुढे तिथंच मुख्याध्यापिका झाले. शिस्तीची म्हणून नाव आहे माझं.

मागच्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी एक म्हातारी, तिची मुलगी आणि एक लहान मुलगा माझ्या टेबलासमोर आले. म्हातारी म्हणाली, ‘ओळखलं का बाई? पार्वती. मासळीवाली. ही आमची हिरू. बेटेगावात दिलीय. ह्यो तिचा पोरगा.’

मुलगा टेबलाच्या कडेला लोंबकळत होता. मी त्याला नाव विचारलं, तर तो नाव, गाव, घरचं मांजर आणि मांजराला झालेली पिल्लं सगळं एका दमात सांगायला लागला. ‘आमच्याकडं तीन हायत, बाई, तुमाला एक देऊ?’ त्याच क्षणी हिरूनं मागून त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट नव्हे, सवयीनं. ती स्वतः एक शब्द बोलली नव्हती.

पार्वती हसली. ‘ही अशीच हाय बाई. घरात तोंड बंद होत नाय, सासूचंपण ऐकत नाय. शाळेच्या दारात आली की मुकी. लहानपणी एकदा तुमच्यावर खोटा आळ घेतला होता हिनं. तुमच्यासमोरच मारली होती मी. आठवतं?’

हिरू माझ्याकडे बघत होती. टेबलावर माझे दोन्ही हात होते. खोलीत बाहेरचं कोणी नव्हतं. साहेब नव्हते, मॅडम नव्हत्या. माझी नोकरी आता कोणी काढून घेणार नव्हतं. कशाचीच भीती उरली नव्हती.

‘नाही हो,’ मी म्हणाले. ‘इतकी मुलं येऊन गेली. कुठलं आठवणार?’

हिरूनं पोराच्या तोंडावरचा हात काढला नाही. मी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.