शालूबाईंच्या ओळीनंतरची जागा

मळवलीच्या शालूबाईंना "तुम्ही गाता ना?" असं विचारलं की त्या फटकारतात, "मी कुटली गाती? भात लावताना तोंड चालायचं, येवढंच." त्या एका बंगल्याची राखण करतात. पुण्याचे मालक शनिवारी येऊन मालकासारखे वागतात. बाकी आठवडाभर बंगला शालूबाईंचाच असतो.

खाचरात त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं झुंबरबाई असायच्या. शालूबाईंनी ओळ म्हणायची, झुंबरबाईंनी तीच परत म्हणायची, अशी रोपं लावत दोघी बांधापर्यंत पोचायच्या. गेल्या वर्षी झुंबरबाईंना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली, आणि मुलगा त्यांना इंदुरीला आपल्या घरी घेऊन गेला. शालूबाई एकदा भेटून आल्या. गुडघ्यांमुळे पुन्हा जाणं जमेना.

"नुसती बगत व्हती माज्याकडं," त्या मला म्हणाल्या. "डाक्टर म्हनला, बोलनं गेलेलं मानूस कवा कवा गान्यातनं बोलतं. तुमी माजी गानी लिवलीत ना? ती तिच्याकडं पोचवा."

लिहिली होती खरी. एका प्रकाशकाने ती चाळून "हे घेणार कोण?" असं विचारलं होतं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वडगावला राहणारी माझी भाची प्रेरणा घरबसल्या प्रकाशकांची ई-पुस्तकं बनवते. ती म्हणाली, "आत्या, कागदाची वाट कशाला बघतेस?"

तिने आधी पीडीएफ केली. ती म्हणजे छापील पानाचा फोटोच. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी करावीत तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. मग तिने ईपब केलं. त्यात अक्षर वाढवलं की ओळी आपसूक पडद्यात मावतात. शिवाय आवाज जोडता येतो. जी ओळ कानावर पडते, ती पानावर रंगते. मी चाट पडले होते, पण पोरीला हरभऱ्याच्या झाडावर कशाला चढवा, म्हणून "बरंय" एवढंच म्हटलं.

बंगल्याच्या स्वयंपाकघरात आम्ही शालूबाईंचा आवाज टिपला. त्या एक ओळ म्हणत आणि गप्प बसत. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. पुढचं आठवत असतील, असं आम्हाला वाटलं. प्रेरणाने घरी बसून ती सगळी शांतता कापून टाकली आणि पुस्तक कसं सुटसुटीत केलं.

ते इंदुरीला पाठवलं. झुंबरबाईंच्या सुनेचा फोन आला. "आईंनी तोंड उघडलं हो, पण तेवढ्यात पुढची ओळ सुरू झाली. परत उघडलं, परत तेच. मग त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या."

शालूबाईंना ते पुस्तक ऐकवलं, तर त्या स्वतःच्याच आवाजावर भडकल्या. "कोन ही भवानी? दुसरीला बोलूच देत न्हाई! आवो, उत्तर आल्याबिगर फुडची वळ म्हनायची न्हाई. तसं केलं तर बाया हातातलं रोप टाकून बांधावर बसायच्या."

प्रेरणाचा चेहरा पडला. "मावशी, मधली शांतता मी कापली. रिकामी वाटली मला."

"रिकामी कशी आसंल? तितं झुंबर हाय."

प्रेरणाने ती जागा परत भरली. खरं तर परत मोकळी केली, आणि झुंबरबाईंना वेळ लागेल म्हणून थोडी वाढवलीही. पानावर प्रत्येक ओळीखाली एक कोरी ओळ ठेवली. या खेपेस आम्ही दोघी स्वतः इंदुरीला गेलो. शालूबाईंना माझ्या फोनवर धरून ठेवलं आणि प्रेरणाच्या फोनवर पुस्तक लावलं.

"पानी तुंबलं खाचरात, माज्या गुडघ्यापाशी..."

शांतता. झुंबरबाई छताकडे बघत होत्या.

"सांगावा धाडिते बाई, माज्या सईपाशी..."

पुन्हा शांतता. फक्त ओठ हलले. सून पदर तोंडाला लावून दारात उभी होती. पुढच्या ओळीही तशाच गेल्या आणि गाणं संपलं. आता हे पुरे करावं, असं माझ्या मनात आलं, पण फोनमधून शालूबाई म्हणाल्या, "लावा परत."

परत लावलं. पहिल्या ओळीला काही नाही. दुसऱ्या ओळीनंतर घोगरा, तुटका आवाज आला, "...सईपाशी." आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर झुंबरबाईंनी ती ओळ पहिल्यापासून धरली आणि अडखळत, पण शेवटपर्यंत नेली. मला रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही.

तेवढ्यात पुस्तकातल्या शालूबाईंनी पुढची ओळ सुरू केली, आणि माझ्या फोनमधून खऱ्या शालूबाई ओरडल्या, "ए प्रेरणा, बंद कर ते पुस्तक! मी हाय की हितं."