माशाच्या कानातले खडे

"नाकाला सांगून ठेवायचं, आज तुला सुट्टी," असं म्हणत ताई मनगटाने चष्मा वर सारायच्या आणि बादलीचं झाकण उघडायच्या. बादलीत सीलची विष्ठा असायची, अंटार्क्टिकाहून गोठवून आणलेली. पहिल्या दिवशी मी तोंडावर हात धरून बाहेर पळाले होते. ताई हसल्या नाहीत, हाकही मारली नाही. परत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक चाळणी काढून ठेवली होती.

ही न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची गोष्ट, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मी पुण्याहून तिथे गेले आणि मायक्रोबायॉलॉजीच्या पदवीवर एका लॅबमध्ये अर्धवेळ काम मिळालं. ताई तिथे कितीतरी आधीपासून होत्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, पन्नाशी उलटलेल्या. लग्न केलं नव्हतं. म्हातारी आई त्यांच्याजवळ असायची.

बर्फाळ समुद्रातले सील काय खातात, हे शोधणं आमचं काम. पाण्याखाली त्यांच्या मागे कोण जाणार? म्हणून बर्फावर मिळेल ते आणायचं, वितळवायचं आणि एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून धुवायचं. पोटात माशाचं मांस विरतं, काटे विरतात, पण त्याच्या कानातला इवलासा पांढरा खडा पुष्कळदा शिल्लक राहतो. त्यावरून मासा कोणता आणि केवढा, ते कळतं. ताई तो ओल्या ब्रशच्या टोकावर अलगद उचलायच्या. "घोळ माशाच्या डोक्यातला खडा पाहिला नाहीस कधी?" त्यांनी मला विचारलं होतं. मी पुण्याची, शाकाहारी घरातली. त्यांना माझी कीव आली असावी.

दिवाळीच्या पॉटलकला, आपापला पदार्थ घेऊन जमलेल्यांत, कुणी कामाबद्दल विचारलं की त्या मनापासून सांगत. ज्याला खेकडे खाणारा सील म्हणतात, तो खेकडे खातच नाही. आपल्या जवळ्यासारखं क्रिल तो दातांतून गाळून खातो. लेपर्ड सील क्रिलही खातो आणि पेंग्विनही. हे सगळं कशावरून कळतं, इथवर त्या आल्या की समोरचा माणूस हातातली प्लेट हळूच खाली ठेवायचा. ताईंच्या ते लक्षातही यायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी माहिती असणाऱ्या बाईंनी सील किती पाहिले असतील. बर्फावरचा एकही पाहिला नव्हता. दर वर्षी कुणीतरी तरुण जायचं आणि ताई बादल्यांची वाट बघायच्या. एका वर्षी मात्र आमच्या साहेबांनी, एका उंच, अबोल किवी माणसाने, त्यांनाच जाण्याबद्दल विचारलं. त्या वसंतात आम्हांला एक गोष्ट पाहायची होती. वेडेल सीलची मादी पिल्लाला पाजत आठवडेच्या आठवडे बर्फावर पडून असते आणि डोळ्यांदेखत वाळत जाते. त्या काळात ती खातच नाही, असं आमच्यातले बरेच जण धरून चालले होते. ताईंना ते पटत नव्हतं. "बाळंतीण आहे ती. एखादा घास तरी घेत असेल," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या मापाचा जाड कोट आला, वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्याच सुमाराला त्यांच्या आईने जेवण सोडलं. आजार असा काही नव्हता, वय झालं होतं. ताईंनी पेज केली, मऊ भात केला, मासळीच्या दुकानातून ब्लू कॉडची डोकी आणून मालवणी तिखलं केलं. आई मान वळवायची. "माका नको गो," एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, शरीर आता आवरतं घेतंय, जबरदस्ती करू नका. ताई ऐकेनात. एकदा मी घरी गेले तर त्या आईच्या मिटलेल्या ओठांशी चमचा धरून बसल्या होत्या. दोघींचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं की मी जात नाही, हिला पाठवा. मी हे कसं घेऊ, असं म्हणू लागले तर म्हणाल्या, "मला फार जायचं होतं. म्हणून तू नीट बघून ये."

मी गेले. तिथल्या तळावरून फोन लागायचा. एका संध्याकाळी मी त्यांना एका मादीबद्दल सांगितलं. तिची कंबरेची हाडं वर आली होती आणि पिल्लू धान्याच्या पोत्यासारखं फुगलं होतं. ती डोळे मिटून पडलेली असायची, पिल्लाने ढुशी दिली की तेवढं घशातून उत्तर द्यायची. ताई म्हणाल्या, "आज मी चमचा ठेवून दिला. नुसती आईच्या शेजारी पडून राहिले."

त्यानंतर मी लॅबमध्ये फोन केला तो साहेबांनी उचलला. ताईंची आई गेली होती.

मी परतले तेव्हा ताई कामावर रुजू झाल्या होत्या. आईबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पिल्लंवाल्या माद्यांपाशी गोळा केलेली सॅम्पलं आम्ही एकेक करून धुवायला घेतली. चाळण्या रिकाम्या निघत होत्या. मग एका चाळणीत ताईंचा ब्रश थांबला. दोन खडे होते, लहानशा चंदेरी माशाचे.

"हिने खाल्लंय," ताई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं, आता खूश होतील, असं मला वाटलं. त्या स्टुलावर बसल्या आणि हातमोजे तसेच ठेवून आवाज न करता रडू लागल्या.

"मी चमचा ठेवला नसता तर आईलाही एखादा घास गेला असता का गं?"

मी बर्फातल्या भोकापाशी जे पाहून आले होते तेच सांगितलं. "ताई, ती आपली आपण पाण्यात उतरली. तिला कुणी भरवलं नव्हतं."

त्या दिवशी पहिल्यांदाच, लॅब बंद करताना, त्या आईबद्दल बोलायला लागल्या आणि बसस्टॉपपर्यंत बोलत राहिल्या. आमच्या दोन बसेस गेल्या.

पुढच्या वसंतात त्या बर्फावर गेल्या. आता ताईंना वारूनही बरीच वर्षं झाली. थोड्याशा आजाराने, क्राइस्टचर्चच्याच हॉस्पिटलात गेल्या. पण मला आठवतो तो त्यांचा बर्फावरून, सॅटेलाइट फोनवरून आलेला फोन. मी स्वयंपाकघरात होते. हॅलो म्हटलं तर पलीकडून उत्तर येईना. फोन तुटला असं वाटून मी ठेवणार, तेवढ्यात त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "थांब. माझ्या पायाखाली सील आहेत." मग त्यांनी फोन बर्फावर टेकवला असावा. आधी नुसता वारा ऐकू आला, आणि मग खालच्या काळ्या पाण्यातून एक लांब शीळ, उतरत, उतरत गेलेली.