लाल दोऱ्याची खाला

विजार हातात आली की खाला आधी तिची घडी मोडत, पायचे उलटे करत आणि आसनाचं कापड दोन बोटांत ताणून उन्हासमोर धरत. आसन म्हणजे दोन मांड्या मिळतात ती जागा. ऊन किती आरपार येतं ते एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "इथनं जानार." विजार नवी असो, मालक ऐटीत असो, निकाल तोच. तुम्ही त्या काळात उमरग्याच्या मोटार अड्ड्यावर काम केलं असतं तर तुम्हीही पाहिलं असतं, की विजार खालांनी सांगितलेल्या जागेवरूनच जायची.

मी तिथल्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला होता, पण सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक पूर्वीसारखेच येत आणि आमच्या दारात मोडून पडत. ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, सगळ्यांच्या अंगावर जीनच्या विजारी. आताच्या मुलांच्या निळ्या, महागड्या जीन्स नव्हेत. तिरप्या विणीचं जाड सुती कापड, खाकी नाहीतर काळपट निळं. त्यालाच आम्ही जीन म्हणायचो.

या विजारी शिवणारं दुकान गॅरेजच्या शेजारीच होतं. दोन भावांचं. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात, म्हणून हे थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर. खाला थोरल्यांच्या बायको; खाला म्हणजे मावशी, सगळा अड्डा त्यांना तसंच म्हणायचा. दुकानावर नाव भावांचं असलं तरी जीनचं अवघड काम, म्हणजे आसनाची जोड, खिशांची तोंडं, नेफा, हे सगळं खाला घरी बसून हातानं करत. कापड इतकं जाड की मशीनची सुई मोडायची, खालांची मोडत नसे. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरले मास्तर कधी बोलले नाहीत, खालांनी कधी सांगितलं नाही.

मग एका पावसाळ्यात थोरले मास्तर खोकून खोकून गेले. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि खाला मुलीचा हात धरून दुकानाच्या पायरीशी आल्या. मी माझी विजार न्यायला आलो होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं. त्यांनी हळू आवाजात दिराला एवढंच म्हटलं, की नवऱ्याची मशीन घरी द्या, मी पूर्वीसारखं काम करते, आम्हा मायलेकींचं भागेल. धाकट्या मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि गिऱ्हाइकांकडं बघून म्हटलं, "हिला सुई धरता येत न्हाय. भावानं पोसलं म्हनून दिवस काढले."

दोघंतिघं हसले. खालांनी बुरख्याचा नकाब खाली ओढला आणि त्या निघून गेल्या. त्या रडल्या असत्या किंवा भांडल्या असत्या तर गोष्ट तिथंच संपली असती, असं मला आजही वाटतं.

काही दिवसांनी रस्त्याच्या पलीकडं, दुकानाच्या बरोबर समोर, चहाच्या हॉटेलच्या भिंतीला लागून कडुलिंबाखाली एक तरट पसरलेलं दिसलं. पुढं जुन्या चादरीचा पडदा. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळं आत बसलेल्या खालांना माणूस गुडघ्यापासून खालीच दिसायचा. आमची तोंडं त्यांना नीट माहीत नव्हती. त्या आम्हाला विजारींवरून ओळखत. डाव्या गुडघ्याला ठिगळ म्हणजे मी. मागून मोहरी, म्हणजे पायच्याचं खालचं टोक, टाचेखाली घासत चालणारा तो लातूरचा ड्रायव्हर.

त्यांचं पहिलं गिऱ्हाईक मीच. ट्रकखालून सरपटत बाहेर येताना माझी विजार मागून टरकली होती. शिवलेली धाकट्या मास्तरांनीच. मी ती पडद्याखालून आत सरकवली आणि संध्याकाळी परत घेतली तेव्हा बघतच राहिलो. खाकी विजारीवर आसनापासून नेफ्यापर्यंत रक्तासारखा लाल दोरा. टाका एकसारखा, घट्ट, जणू मुंग्यांची रांग. पण लाल.

मी म्हटलं, "खाला, खाकी दोरा नव्हता का?"

"हाय की डब्बीभर." आतून शांत आवाज आला. "पन माजा हात कुठं लागला ते दिसाया पायजे. तो म्हनला मला सुई धरता येत न्हाय. तर मग बघू दे लोकांस्नी. त्याची शिवन कुठं सुटली ते बी बघू दे."

मी ती विजार घालून गावभर फिरलो. लोक हसले, मग विचारायला लागले. त्या लाल रेघेजवळ कापड पुन्हा कधीच उसवलं नाही. हळूहळू अड्ड्यावरच्या प्रत्येक विजारीवर लाल रेघ आली. कुणाच्या खिशाला, कुणाच्या गुडघ्याला, बहुतेकांच्या बुडाला. आणि प्रत्येक रेघ म्हणजे धाकट्या मास्तरांची एकेक चूक. ड्रायव्हर ती अंगावर घेऊन तिकडं हैदराबादपर्यंत, इकडं सोलापूरपर्यंत जात. ढाब्यावर कुणी विचारलं की सांगत, उमरग्याला एक शिंपी आहे, त्याचं शिवलेलं हे असं जातं. खालांना एवढंच हवं होतं.

पण त्यांचा सूड इथं थांबला नाही. दिराच्या दुकानात माणूस दुसऱ्यांदा जाऊच नये, म्हणून विजार जास्त दिवस कशी टिकेल हे त्या प्रत्येकाला सांगू लागल्या. फुकट, न विचारता. "कपडा मरत न्हाय भाऊ, लोक मारतेत," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चालताना मांडी मांडीला घासते, तिथं कापड पातळ होतं, म्हणून भोक पडायची वाट बघू नका, नवीकोरी असतानाच आतून अस्तर लावून घ्या. उलटी करून धुवा. दगडावर आपटू नका, आपटलं की धागा आतल्या आत तुटतो. धुण्याचा सोडा कमी घाला. वाळत घाला ती सावलीत, आणि उलटीच. पाना खिशात ठेवू नका. रोज धुवायची गरज नाही, पण घामानं मिठासारखी पांढरी पडली तर मात्र ठेवू नका. टाचेखाली मोहरी येत असेल तर आजच आखूड करा. एक धागा सुटला तर त्याच दिवशी आणा, उद्या आणाल तर बोटभर उसवलेली असेल.

अड्ड्यावरचे रांगडे लोक, विहिरीवर विजारी धोपटून धोपटून धुणारे, आता त्या उलट्या करून लिंबाच्या सावलीत वाळत घालू लागले. एक क्लीनर तर पाना खिशातून काढताना इकडंतिकडं बघून घ्यायचा, खालांना आवाज जाईल म्हणून. आम्हाला गंमत वाटायची. समोर धाकटे मास्तर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले असायचे आणि त्यांना दिसायचं ते एवढंच, झाडाखाली हेलकावणाऱ्या, आपण शिवलेल्या, न फाटणाऱ्या विजारी.

त्यांनी जमातीतल्या दोन वयस्कर माणसांना समजूत घालायला पाठवलं. खालांनी पडद्याआडून त्यांना अदबीनं सलाम केला आणि विचारलं, लाल दोरा वापरणं कुठं मना आहे ते सांगा, मी आज सोडते. दोघं आले तसे परत गेले. त्यातले एक पुढच्या आठवड्यात एकटेच आले, शेरवानीची बाही उसवली होती.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कळंबचा, घर चांगलं, पण मुलाकडच्यांची एक अट, की बाप नाही तर निकाहात चुलत्यानं उभं राहायला हवं. धाकट्या मास्तरांना हे कळलं आणि त्यांनी निरोप धाडला, आधी लाल दोरा बंद, मग मी येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खात होतो तेव्हा खाला गॅरेजच्या दारात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, मागितलं, बाटलीभर. कशाला, असं मी विचारलं नाही. तेजाबाचा थेंब सुती कापडावर पडला तर लगेच काही दिसत नाही, पहिल्या धुण्यात भोकं पडतात, हे आम्हा मिस्त्री लोकांना रोजचं आहे. आणि समोरच्या दुकानात नुकतेच जीनचे नवे तागे येऊन फळीवर पडले होते. मी म्हटलं, आज रिकामी बाटली नाही, उद्या या.

त्या उद्या आल्या. मी बाटली काढायच्या आतच म्हणाल्या, "नको मिस्त्री. रात्री पडल्या पडल्या ते तागे डोळ्यांपुढं आले. चांगला माल हाय. त्या कपड्यानं माजं काय वाईट केलंय?" आणि वळता वळता म्हणाल्या, "वाईट त्यानं केलंय. त्याचं मी बघते."

त्यांनी अट मान्य केली. त्या दिवसापासून खाकीवर खाकी दोरा, निळ्यावर निळा. अड्ड्यावर सगळ्यांना चुकल्यासारखं झालं. धाकटे मास्तर ताठ मानेनं निकाहाला उभे राहिले, दालचा-खाना पोटभर जेवले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की अखेर भावजयीला अक्कल आली. मुलगी कळंबला गेली. खालांनी पाठवणीच्या वेळी डोळे पुसले, मला वाटतं खरोखरच पुसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका ट्रकवाल्याची विजार पडद्याखालून बाहेर आली, ती लाल दोऱ्यानं शिवलेली. टाके पूर्वीपेक्षा लांब घातले होते, लांबून दिसावेत असे.

पुढची काही वर्षं अशीच गेली. धाकट्या मास्तरांचं दुकान बसत चाललं, पण ते खालांमुळं की त्यांच्या डोळ्यांमुळं, हे सांगणं अवघड आहे. त्यांना मोतीबिंदू झाला होता. शिवण वाकडी जायची, पायचे लहानमोठे व्हायचे. सोलापूरला जाऊन एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून आले, तो डोळा बिघडला, दुसऱ्याला हात लावू देईनात. शेवटी मशीनवर कापड झाकून ते नुसते दारात बसत.

एके दिवशी ते काठीनं चाचपत रस्ता ओलांडून आले. ट्रकचे भोंगे वाजत होते, मीच धावत जाऊन त्यांचा हात धरला. पडद्यापुढं उभे राहून ते म्हणाले, भाभी, दुकान तुमचं, मशीन तुमची, येऊन बसा. घर चालत नाही.

मग खालांनी विचारलं, "त्या दिवशी पायरीवर काय म्हनला होतास, याद हाय?"

"हाय."

"मग आता उलटं म्हन. हितं न्हाय. बाजारच्या दिवशी, त्याच पायरीवर, मानसं असताना."

त्यांनी म्हटलं. बाजारचा दिवस होता, लोहाऱ्याकडचे लोकही आले होते. मास्तर पायरीवर उभे राहिले ते भिंतीकडं तोंड करून, त्यांना दिसत नव्हतं. कुणीतरी खांद्याला धरून वळवलं. ते म्हणाले, माझ्या भावजयीला सुई धरता येते, दुकानाची नावाजलेली शिवण तिच्याच हातची होती, मी खोटं बोललो. आवाज घोगरा, अर्धा गिळलेला. खाला रस्त्यापलीकडून म्हणाल्या, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. खाला म्हणाल्या, मागच्यांना ऐकू गेलं नाही. माझ्या मनात आलं, आता पुरे. पण त्यांनी तिसऱ्यांदा, ओरडून म्हटलं, तेव्हा कुठं खाला तरट गुंडाळून उठल्या.

त्या दुकानात बसल्या. तिथं पडदा जाड लावला. दोरा मात्र कापडाच्या रंगाचा वापरू लागल्या. दीर दुकानात बसलेला त्यांना चालत नसे. तो समोर लिंबाखाली बसायचा, त्याच जागी. दोन्ही वेळचा डबा त्याला दुकानातून जायचा, वेळेवर, पण हाक मारून कधी बोलावलं नाही.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, खाला, आता तरी जीव थंड झाला का. सुई तोंडात धरून त्या म्हणाल्या, "थंड कशाला हुईल? बरं वाटलं. लई बरं वाटलं."

पुढं त्यांची बोटं वळेनाशी झाली. मुलीनं कळंबला बोलावलं. दुकान एका नव्या शिंप्याला दिलं आणि एका सकाळी त्या उस्मानाबादच्या एसटीत बसल्या, तिथून पुढची गाडी कळंबची. अड्ड्यावरचे आम्ही सगळे पोचवायला गेलो. गाडी सुटायला वेळ होता. तेवढ्यात धाकटे मास्तर काठी टेकत आले. पंच्यात बांधलेले पेरू त्यांनी खिडकीत वर केले. खालांनी ते घेतले.

स्टँडवर नेहमी फिरणारी एक काळी शेळी खिडकीखाली येऊन उभी राहिली होती. खालांनी गाठ सोडली आणि एक पेरू तिच्यापुढं टाकला. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या शेजारी मास्तर मान वर करून उभे होते, त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांना खिडकीही दिसत नव्हती आणि शेळीही.

"खातीय का?" त्यांनी हळूच मला विचारलं.

मी खाली बघितलं. "खातीय," मी म्हटलं.

त्यांनी समाधानानं मान हलवली. गाडी सुटली, शेळी पेरू चावत चावत थोडी तिच्यामागं धावली, आणि मास्तर बराच वेळ धुळीकडं तोंड करून उभे राहिले.