दोरीवरचा फ्रॉक
ओल्या सुती कपड्यांना सांबाराचा वास लागला की मला तिरुवैयारुजवळचा तो झरा आठवतो. झऱ्याला लागूनच एका कुटुंबाची खानावळ होती. माणसं पोहून, कपडे बदलून थेट जेवायला येत. सात वर्षांच्या लेकीला पायरीवर बसवून मी पुढच्या दाराशी जेवण सांगायला गेले. परत आले तर पायरी रिकामी. पाण्यात पंधरा-वीस डोकी होती. एकेक करून सगळी पाहिली, तिचं त्यात नव्हतं. मग तिचा पिवळा फ्रॉक दिसला, काठावरच्या दोरीवर, निथळत. मी दोरीकडे धावले. तेवढ्यात खानावळवाली हात पुसत मागच्या दारात आली. "अक्का, पोरीला शोधता? घसरून भिजली होती. ओल्या कपड्यांनी आम्ही कोणाला पानावर बसवत नाही. नातीचं परकर-पोलकं घालून आत बसवलंय." आत लेक निवांत इडली खात होती. मी सरळ तिच्या पाठीत धपाटा घातला. "आधी जेवू द्या हो, मग मारा," बाई म्हणाली. परवा लेकीनं विचारलं, "अम्मा, त्या दिवशी मला का मारलंस?" "न सांगता गेलीस म्हणून," मी म्हटलं. बाकीचं पोटातच राहिलं.